दहा लोट्यांचा रहाट : सेमूर क्रे

विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर गेलात की खाली दोन आकडे दिसतात. समजा कोअर्स ६ आणि लॉजिकल प्रोसेसर्स १२. लॅपटॉप विकणारा दुकानदार मोठा आकडाच आधी सांगतो. मग व्हायवाला एक्स्टर्नल हळूच विचारतात, की उरलेले सहा आले कुठून? इथे भल्याभल्यांची दांडी गुल होते.

चिपमध्ये खरे कोअर सहाच असतात. पण प्रत्येक कोअर दोन वेगवेगळ्या प्रोग्रामची रजिस्टर्स एकाच वेळी सांभाळतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला आपण दोघे आहोत असे भासवतो. एकाचा डेटा मेमरीतून यायला वेळ लागत असेल तर तेवढ्यात दुसऱ्याचे काम उरकून घ्यायचे. यालाच आपण मल्टिथ्रेडिंग म्हणतो. ही युक्ती अलीकडची वाटते, पण १९६४ साली बाजारात आलेल्या एका मशिनमध्ये ती चक्क उघड्यावर मांडलेली होती. तीही दोघांची नाही, दहा जणांची! ते मशिन म्हणजे सीडीसी ६६००, आणि ते घडवणारा माणूस सेमूर क्रे.

सुपरकॉम्प्युटरचा जनक म्हणून हे नाव आपण जनरल नॉलेजच्या पुस्तकात पाठ केलेले असते. त्यापुढची गंमत तिथे नसते. ज्या माणसाने एका यंत्राकडून दहा जणांची कामे करून घेतली, तोच पुढे आयुष्यभर एक मोठे गणित पुष्कळ प्रोसेसरना वाटून द्यायच्या विरोधात राहिला. आणि ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय तर त्याने कायम दुसऱ्याच्या गळ्यात घातला. या दोन्ही गोष्टींचा हिशेब पुढे त्याला चुकवावा लागला. त्यातला थोडासा आपल्या देशालाही.

क्रेचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या गावचा. आपल्याकडे तालुक्याचे गाव असते तेवढेच. वडील सिव्हिल इंजिनिअर. मुलाला विजेच्या तारांची आवड लागली तेव्हा त्यांनी घराचे तळघर त्याला देऊन टाकले. लोखंडी पट्ट्या आणि स्क्रूंच्या खेळण्यातून त्याने दहाव्या वर्षी एक यंत्र जोडले. कागदी पट्टीवर भोके पाडायची, पट्टी यंत्रात घालायची, की पलीकडे मोर्स कोडचे कडकट्ट सुरू! (आपण दहाव्या वर्षी काय करत होतो हा प्रश्न इथे कुणी विचारू नये.)

१९४३ मध्ये शाळा संपली आणि महायुद्धाने त्याला सैन्यात ओढले. आधी युरोपात रेडिओ ऑपरेटर, मग फिलिपिन्समध्ये जपानी सांकेतिक संदेशांचे काम. परत आल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि १९५१ मध्ये उपयोजित गणितात एम.एस. केले. नोकरी लागली ती सेंट पॉलच्या इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत. युद्धात शत्रूचे संदेश फोडणाऱ्या लोकांनी काढलेली ही कंपनी होती आणि जागा होती ग्लायडर बनवायच्या जुन्या कारखान्याची. कॉम्प्युटर कसा बनवायचा याचे पुस्तक तेव्हा जगात नव्हते. क्रे बघत गेला, करत गेला.

ती कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली, पुढे तिची स्पेरी रँड झाली. मोठ्या कंपनीत जे होते ते झाले. मीटिंगा वाढल्या. १९५७ मध्ये विल्यम नॉरिस आणि काही सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन म्हणजे सीडीसी काढली. क्रे मागोमाग तिथे गेला. नव्या कंपनीकडे पैसा बेताचा. त्याने स्वस्तातले ट्रान्झिस्टर उचलले. त्यांचे गुणधर्म एकाचे दुसऱ्याशी जुळत नसत, म्हणून सर्किटच असे आखले की थोडे कमी-जास्त चालून जाईल. त्यातून १९६० मध्ये सीडीसी १६०४ हे मशिन ग्राहकाकडे पोहोचले. त्याच सुमारास त्याने एक छोटे मशिनही केले, सीडीसी १६०. ऑफिसच्या टेबलाएवढे, १२ बिटांचे. मोठ्या मशिनसाठी कार्ड वाचणे, टेप फिरवणे, छापणे असली हमाली करायला ते वापरत. हे छोटे मशिन लक्षात ठेवा.

आता थोडे मुंबईला येऊ. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० पासून टीआयएफआरएसी हा तिथेच बनवलेला कॉम्प्युटर चालत होता. १९६४ मध्ये तिथे सीडीसीचा ३६०० आला, आणि त्याच्या जोडीला १६०-ए. ३६०० हा क्रेच्या १६०४ च्या वंशातला, आणि १६०-ए तर त्याच्या टेबलाएवढ्या मशिनचाच सुधारलेला अवतार. देशभरातले शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर आपापली कामे घेऊन तिथे येत. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत ६६०० बाजारात आला, त्याच वर्षी त्याचे चुलतभाऊ अरबी समुद्राच्या काठावर कामाला लागले होते.

इकडे सीडीसी मोठी होऊ लागली तसा क्रे पुन्हा अस्वस्थ झाला. १९६२ मध्ये त्याने आपली प्रयोगशाळा थेट चिपेवा फॉल्सला, घराजवळ हलवली. साहेब लोक सहज डोकावू शकणार नाहीत इतक्या लांब. गुहागरला राहून मुंबईच्या कंपनीचे काम करण्यासारखाच प्रकार, फक्त इंटरनेट नसताना! तिथे ३४ माणसांच्या चमूने ६६०० घडवला. सहकारी डिझायनर होता जेम्स थॉर्नटन. ऑगस्ट १९६३ मध्ये मशिन जाहीर झाले तेव्हा आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी आपल्या अधिकाऱ्यांना एक चिडलेली चिठ्ठी लिहिली. झाडूवाल्यासकट ३४ माणसे असलेल्या प्रयोगशाळेने एवढ्या अवाढव्य आयबीएमला मागे कसे टाकले, हा त्यांचा सवाल होता. हे पत्र कॉम्प्युटरच्या इतिहासात अजरामर झाले आहे.

आता रहाट. आपल्याकडच्या जुन्या आगरांत विहिरीवर रहाट असायचा. आजोळी बघितला असेल. एकच चाक, एकच रेडा, आणि माळेला ओळीने बांधलेले लोटे. प्रत्येक लोटा आपली पाळी आली की वर येतो, पन्हळीत पाणी ओततो आणि रिकामा खाली जातो. तो खाली जाऊन भरून येईपर्यंत बाकीचे लोटे आपापले पाणी ओतत असतात. पन्हळ एकच, पण ती क्षणभरही कोरडी राहत नाही.

६६०० मध्ये मुख्य प्रोसेसर होता ६० बिटांचा, आणि त्याच्याभोवती दहा छोटे पेरिफेरल प्रोसेसर. प्रत्येकाची स्वतःची ४०९६ शब्दांची मेमरी, प्रत्येकाचा स्वतःचा प्रोग्राम. त्यांची इन्स्ट्रक्शन्स बरीचशी त्या १६०-ए वरूनच घेतलेली होती. म्हणजे कागदावर बघितले तर दहा छोटे कॉम्प्युटर. पण पॅनल उघडले तर आत बेरीज-वजाबाकी करणारे सर्किट एकच! दहा जणांची रजिस्टर्स एका गोल माळेत फिरत ठेवलेली होती. इंजिनिअर त्याला बॅरल म्हणत, आपण रहाट म्हणू. दर १०० नॅनोसेकंदाला माळ एक घर पुढे सरके आणि पुढच्याची रजिस्टर्स त्या सर्किटसमोर येत. दहा घरे म्हणजे १००० नॅनोसेकंदांची एक फेरी. आणि त्या मेमरीतून एक शब्द वाचून व्हायला लागणारा वेळ किती? तोही १००० नॅनोसेकंद! म्हणजे एखाद्याने मेमरीकडे काही मागितले, की रहाट एक फेरी मारून त्याच्याकडे परत येईपर्यंत मागितलेले हजर. थांबणे नाही, ताटकळणे नाही. मंद मेमरीवर याहून स्वच्छ उपाय मला तरी माहीत नाही.

याच्याही आधी हनीवेल ८०० या मशिनने आठ प्रोग्राम आळीपाळीने चालवले होते, त्यामुळे कल्पना एकट्या क्रेची म्हणता येणार नाही. पण ६६०० इतकी ती कुणाची गाजली नाही.

मुख्य प्रोसेसरची तऱ्हा वेगळी होती. त्यात गुणाकार, भागाकार, बेरीज अशी दहा वेगवेगळी युनिट्स होती, आणि स्कोअरबोर्ड नावाचे सर्किट कुठले युनिट मोकळे आहे, कुणाला कुणाच्या उत्तराची वाट बघायची आहे याची नोंद ठेवे. कॉम्प्युटर आर्किटेक्चरच्या पेपरला स्कोअरबोर्डिंगवर प्रश्न येतो, तो या मशिनच्या पुण्याईने. घड्याळ १० मेगाहर्ट्झचे, वेग सेकंदाला सुमारे ३० लाख सूचना, थंड ठेवायला फ्रिजसारखी फ्रेऑनची नळी. १९६९ पर्यंत जगात याहून वेगवान मशिन नव्हते. शंभराच्या वर खपले.

पण ऑपरेटिंग सिस्टिम? इथे खरी मजा आहे. क्रेने ऑपरेटिंग सिस्टिम मुख्य प्रोसेसरवर चालवायचीच नाही असे ठरवले. दहा छोट्यांतला एक मॉनिटर होऊन सगळ्यांवर लक्ष ठेवी, एक ऑपरेटरच्या पडद्याचे बघे, बाकीचे पडेल ते काम करत. मुख्य प्रोसेसरने फक्त गणित करायचे. त्याच्यावरचा प्रोग्राम बदलायचा असेल तर छोट्याने एकच सूचना द्यायची, एक्स्चेंज जंप. त्या सूचनेसरशी मुख्य प्रोसेसरची सगळी रजिस्टर्स मेमरीतल्या १६ शब्दांशी अदलाबदल होत आणि नवा प्रोग्राम जागेवर. ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या तासाला कॉन्टेक्स्ट स्विच शिकताना आपण पानभर पायऱ्या लिहितो, तो प्रकार इथे एका झटक्यात.

कल्पना झकास, पण ती प्रत्यक्षात उतरवणारे सॉफ्टवेअर वेळेवर आले नाही. सिप्रोस नावाची भव्य सिस्टिम दुसऱ्या गटाकडे दिलेली होती, ती रखडली. मशिन तपासायला म्हणून चिपेवाच्या प्रयोगशाळेत एक साधी, कामचलाऊ सिस्टिम लिहिलेली होती. ग्राहकांना शेवटी तीच पाठवावी लागली. नावही साधेच, चिपेवा ऑपरेटिंग सिस्टिम. जानेवारी १९६५ मध्ये जिनिव्हाच्या सर्न संस्थेत ६६०० पोहोचला आणि तिथल्या लोकांना सुरुवातीचा काळ हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्हींशी झगडण्यात काढावा लागला. पुढे त्या चिपेवातूनच दोन फांद्या फुटल्या, स्कोप आणि क्रोनॉस. मशिन एकच आणि सिस्टिमच्या आवृत्त्या दोन. एक रांगेने लावलेली मोठी कामे उरकण्यात पटाईत, दुसरी पुष्कळ टर्मिनलवरच्या लोकांना एकदम सांभाळण्यात. दोन्हींचे अनुयायी आपापसात भांडत. लिनक्सच्या डिस्ट्रोंवरून होस्टेलला होतात तशीच भांडणे. शेवटी सीडीसीने एनओएस नावाखाली एकत्र संसार मांडला.

या ठिकाणी थोडे विषयांतर करतो, कारण हीच गोष्ट चाळीस वर्षांनी आपल्या डेस्कटॉपवर घडली. नोव्हेंबर २००२ मध्ये इंटेलने ३.०६ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ हायपर-थ्रेडिंगसकट बाजारात आणला. एका प्रोसेसरमध्ये दोघांची रजिस्टर्स. रहाटाला दोनच लोटे, आणि पाळीही ठरलेली नाही, ज्याला जे युनिट मोकळे मिळेल ते त्याने वापरायचे. पण या दोन लोट्यांचा उपयोग होणार की नाही हे तुमच्या विंडोजवर ठरे. विंडोज ९८ ला एकापलीकडे प्रोसेसर मोजताच येत नसे, त्यामुळे त्या मशिनवर दुसरा लोटा रिकामाच फिरे. विंडोज २००० ला दोन मोजता येत, पण खरा कोण आणि भासमान कोण हा भेद कळत नसे. त्यामुळे दोन झिऑन बसवलेल्या मशिनवर चार प्रोसेसर दिसले, की दोनची मर्यादा असलेली प्रोफेशनल आवृत्ती उरलेले दोन सोडून देई. एक्सपीमध्ये हे शहाणपण आले. होम आवृत्तीला एक सॉकेट, प्रोफेशनलला दोन, आणि एका सॉकेटमध्ये कितीही लॉजिकल प्रोसेसर असले तरी ते एकच चिप म्हणून धरायचे. त्यामुळे साध्या होम आवृत्तीतही टास्क मॅनेजरमध्ये दोन आलेख दिसू लागले. आणि नुसते मोजून भागत नाही. दोन कोअरच्या मशिनवर दोन कामे आली तर ती एकाच कोअरच्या दोन थ्रेडवर टाकायची, की दोन वेगळ्या कोअरवर? हे शेड्यूलरला कळत नसेल तर एक कोअर घामाघूम आणि दुसरा झोपलेला. लिनक्समध्येही २.४ कडून २.६ कडे जाताना यावर बरेच काम झाले.

परत चिपेवाला. १९६९ मध्ये क्रेचा ७६०० आला. मग त्याने ८६०० हाती घेतला, आणि यात पहिल्यांदाच त्याने चार मुख्य प्रोसेसर एका पेटीत घालायचे ठरवले. ते जमले नाही. इतके सुटे भाग इतके दाटीवाटीने बसवले की उष्णता बाहेर निघेना, आणि हजारोंतला एक भाग बिघडला तरी अख्खे मशिन बंद. नव्याने सुरुवात करावी असे क्रेचे म्हणणे. कंपनीने स्टार-१०० या दुसऱ्या मशिनवरही पैसा लावलेला होता, दोन्ही झेपण्यासारखे नव्हते. १९७२ मध्ये क्रे बाहेर पडला आणि त्याने क्रे रिसर्च काढली. विशेष म्हणजे नॉरिसच्या सीडीसीने त्याच्या नव्या कंपनीत पैसेही गुंतवले. असा निरोप समारंभ आपल्याकडे क्वचितच बघायला मिळेल.

चार प्रोसेसरचे चटके बसल्यावर त्याने पुन्हा एकाच प्रोसेसरवर सगळा जोर लावला. ते मशिन म्हणजे १९७६ चा क्रे-१. वरून बघितले तर इंग्रजी सी अक्षराचा आकार, खाली गोल बसायला गादी, आणि त्या गादीच्या आत पॉवर सप्लाय. आकार दिखाऊपणासाठी नव्हता. वीज एका नॅनोसेकंदात जेमतेम फूटभर जाते, आणि इथे घड्याळाचा एक ठोका १२.५ नॅनोसेकंदांचा. म्हणून एकही तार चार फुटांहून लांब ठेवायची नाही असा नियम, आणि तो पाळायला मशिन वाकवलेले. आतली सुमारे ६० मैल तार हातांनी जोडलेली. एकाच सूचनेत ६४ आकड्यांच्या ओळीवर काम करणारी व्हेक्टर रजिस्टर्स हे त्याचे बळ होते. कमाल वेग सेकंदाला १६ कोटी गणिते.

पहिले मशिन लॉस अलामॉसला सहा महिने वापरून बघायला पाठवले. बरोबर ऑपरेटिंग सिस्टिम? नव्हती! ज्यांना वेग हवा त्यांनी ती लिहून घ्यावी, असा एकंदर खाक्या. अमेरिकेतल्या वातावरण संशोधन केंद्राने, म्हणजे एनसीएआरने, १९७७ मध्ये पैसे मोजून क्रे-१ घेतला तेव्हा मात्र त्यांनी सॉफ्टवेअरही मागितले, आणि कंपनीला सीओएस ही सिस्टिम पुरी करावी लागली. मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करण्याची सोयही पहिल्या नगात नव्हती, ती दुसऱ्यापासून आली. आमच्या मते क्रेच्या कामातली ही कायमची फट होती. ज्याचा वेग मोजता येत नाही, ते काम त्याला दुय्यम वाटायचे.

तरी ८० हून अधिक क्रे-१ खपले, आणि कंपनी मोठी झाली, आणि क्रे पुन्हा कंटाळला. १९८० मध्ये त्याने प्रमुखपद सोडले आणि पुढे स्वतःच्याच कंपनीचा स्वतंत्र कंत्राटदार होऊन क्रे-२ वर काम करू लागला. या माणसाचा रिकामा वेळही नवलाचा होता. चिपेवाच्या घराखाली तो भुयार खणत असे, भिंतींना देवदारी फळ्या लावत. कंपनीचे प्रमुख जॉन रोलवेगन हा किस्सा लोकांना सांगत असत, की खणताना डोक्यात अडकलेली कोडी सुटतात असे क्रेला वाटे. आपल्या जांभ्यात हा छंद परवडला नसता.

कंपनीत मात्र स्टीव्ह चेन या दुसऱ्या डिझायनरने १९८२ मध्ये एक्स-एमपी आणला. क्रे-१ सारखेच दोन प्रोसेसर, मेमरी एकच, दोघांची सामाईक. पुढे चार प्रोसेसरही आले. क्रेने जे टाळले होते ते त्याच्याच नावाच्या पेटीत दुसऱ्याने करून दाखवले. पुन्हा तोच प्रश्न आला. सिस्टिम दोन प्रोसेसरवर दोन वेगवेगळी कामे सहज चालवे, पण एकाच प्रोग्रामचे दोन तुकडे करून दोघांना द्यायचे तर कोण करणार? त्यासाठी मॅक्रोटास्किंग, मायक्रोटास्किंग, ऑटोटास्किंग अशा सोयी एकामागून एक घडवाव्या लागल्या. क्रेच्या स्वतःच्या क्रे-२ मध्येही १९८५ साली चार प्रोसेसर होते, आणि तो चालायचा युनिक्सच्या वाणावर, ज्याला पुढे युनिकॉस नाव पडले. सगळी सर्किट्स फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेली. मत्स्यालयात ठेवलेला कॉम्प्युटर म्हणा ना.

आता एक्स-एमपीचा जो अध्याय आपल्याला थेट लागतो तो. कोकणात राहणाऱ्याला हवामानाचा अंदाज म्हणजे काय हे सांगायला नको. एप्रिलमधला अवकाळी पाऊस हातातोंडाशी आलेला हापूस घालवतो, आणि वादळाची सूचना उशिरा मिळाली तर मिरकरवाड्यातून गेलेल्या बोटी बाहेर अडकतात. मान्सूनचे गणित करायला भारताला मोठा कॉम्प्युटर हवा होता. मागणी केली एक्स-एमपी/२४ ची. या आकड्यातला पहिला अंक प्रोसेसरचा, दुसरा मेमरीचा. म्हणजे दोन प्रोसेसर, ४० लाख शब्द. अमेरिकन सरकारला भीती, की हे पाऊस मोजतील की बॉम्ब? बऱ्याच घासाघिशीनंतर परवानगी मिळाली ती एक्स-एमपी/१४ ची. मेमरी तेवढीच, प्रोसेसर एक. मागितली प्रोफेशनल आणि हातात ठेवली होम! ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते मशिन दिल्लीला मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाच्या राष्ट्रीय केंद्रात बसले आणि त्याने चांगले काम केले, हे नमूद केले पाहिजे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेलाही मोठा क्रे हवा होता, तो मिळाला नाही.

या नकाराच्या वातावरणात १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. धुरा अकोला जिल्ह्यातल्या डॉ. विजय भटकरांकडे, मुदत तीन वर्षे, पैसे ३० कोटी. क्रेसारखा एकच बलदंड प्रोसेसर बनवणे इथे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी क्रेला नापसंत असलेली वाट धरली. बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर घ्यायचे आणि पुष्कळ एकमेकांना जोडायचे. १९९१ मध्ये ६४ नोडचा परम ८००० उभा राहिला. त्यातली चिप होती इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्यूटर, आणि या चिपमध्ये एक खास गोष्ट होती. एका प्रोसेसवरून दुसऱ्या प्रोसेसवर जायचे शेड्यूलिंग चिप स्वतःच करायची, त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला उठवावे लागत नसे. ६६०० च्या रहाटाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. सी-डॅकच्या लोकांची खरी कसोटी मात्र सॉफ्टवेअरमध्ये लागली. ६४ नोडना एकाच गणितावर बसवायचे तर प्रोग्राम कसा तोडायचा, कुणी कुणाची किती वाट बघायची, हे सगळे बांधावे लागले. हार्डवेअर बाहेरून आणता आले, हे आणता येण्यासारखे नव्हते.

क्रेची पुढची वर्षे वाचताना वाईट वाटते. १९८९ मध्ये त्याच्या क्रे-३ साठी क्रे कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ही वेगळी कंपनी कोलोरॅडो स्प्रिंग्जला निघाली. सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइडच्या चिप वापरायच्या, घड्याळ सुमारे ५०० मेगाहर्ट्झपर्यंत न्यायचे, असा बेत. चिप ठिसूळ, जोडणी अतिसूक्ष्म, तारखा पुढे पुढे. १९९१ च्या डिसेंबरमध्ये लिव्हरमोर प्रयोगशाळेने मागणी रद्द केली. शीतयुद्ध संपलेले, सरकारी तिजोऱ्या आवळलेल्या, आणि शेकडो स्वस्त प्रोसेसर जोडलेली मशिन वेगात पुढे येत होती. १९९३ मध्ये एकच क्रे-३ एनसीएआरला गेला. मार्च १९९५ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. साठी उलटून गेलेली आणि हाताशी काही नाही.

१९९६ मध्ये त्याने एसआरसी कॉम्प्युटर्स नावाची नवी कंपनी काढली. आणि आता, सत्तरी पार केल्यावर, पुष्कळ प्रोसेसर एकत्र चालवणारे मशिन आखायला घेतले. जे तो तीस वर्षे नाकारत आला ते. त्याचे पटले म्हणून, की दुसरा मार्ग उरला नाही म्हणून, याचा निकाल लावायला वेळच मिळाला नाही. २२ सप्टेंबर १९९६ ला कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ हायवेवर त्याच्या जीपला अपघात झाला, आणि ५ ऑक्टोबरला तो गेला. वय ७१. त्याच वर्षी जुनी क्रे रिसर्चही सिलिकॉन ग्राफिक्सने विकत घेतलेली होती.

२००० मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने क्रेचा धंदा विकायला काढला तेव्हा तो घेतला टेरा कॉम्प्युटर नावाच्या छोट्या कंपनीने. टेराचे मशिन होते एमटीए, बर्टन स्मिथचे डिझाइन. त्याच्या प्रत्येक प्रोसेसरमध्ये १२८ थ्रेडची रजिस्टर्स होती. मेमरी कितीही मंद असो, एक वाट बघतोय तोवर दुसऱ्याला पुढे काढायचे. ६६०० चा दहा लोट्यांचा रहाट १२८ लोट्यांचा झालेला. खरेदी झाल्यावर टेराने आपले नाव टाकून क्रे हे नाव घेतले. २०१९ मध्ये तीही एचपीईने घेतली.

पण त्याआधी, जानेवारी २०१८ मध्ये, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत प्रत्युष नावाचे मशिन मान्सूनच्या गणिताला लागले. वेग ४ पेटाफ्लॉप्स, आणि मॉडेल क्रे एक्ससी-४०. आत इंटेलचे झिऑन, हजारोंनी. या वेळी प्रोसेसर किती द्यायचे यावर अमेरिकेशी घासाघीस नव्हती. एक्ससी मालिकेच्या मशिनवर गणना करणाऱ्या नोडवर लिनक्सचीच काटछाट केलेली आवृत्ती चालते, आणि जॉब टाकताना कमांडमध्ये एक अंक द्यावा लागतो, जे या अक्षरापुढे. १ दिला तर प्रत्येक कोअरवर एक थ्रेड, २ दिला तर दोन. कुठल्या मॉडेलला कुठला अंक मानवतो हे चालवून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून लोक दोन्ही अंक घालून एकेकदा जॉब चालवतात आणि वेळ वहीत लिहून ठेवतात.